गेटच्या पुढचं पाणी

रोह्याहून परत आल्यावर कॉलेजातल्या लोकांनी विचारलं, कशी झाली ट्रिप. मी प्रत्येकापुढे पेणच्या पोह्याच्या पापडांचं पाकीट धरलं. पापड चांगलेच होते, त्यामुळे विषय तिथेच संपायचा. खरं काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही. रोह्यात एका ठिकाणी सांगायला गेले तर त्यातून आणखी एक चूक झाली. ती पुढे येईलच.

मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा अभ्यासाचा विषय तसा रुक्ष आहे. कारखान्यात हुशार यंत्रं आली, म्हणजे स्वतःवर लक्ष ठेवणारी, प्रत्येक गोष्ट मोजून स्क्रीनवर दाखवणारी, की त्या कारखान्याला पर्यावरणासाठी काही नवं सुचतं का? माझं उत्तर ठरलेलं होतं: सुचतं. मोजायला लागलं की उधळपट्टी डोळ्यांना दिसते, आणि दिसली की माणूस गप्प बसत नाही, काहीतरी शोधून काढतो. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोलले होते की मला ते सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं. आता दोनचार जिवंत उदाहरणं बघून यायची, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

पेण, जोहे

सोमवारी खोपोलीमार्गे पेणला उतरले. मार्गशीर्ष लागला होता. भातकापणी होऊन गेलेली, आणि रिकाम्या शेतांत ओलीवर पेरलेला वाल वर येत होता. पोपटीचे, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजून खायचे दिवस अजून यायचे होते, त्यामुळे ती हुकली याची हळहळ स्टँडवरच्या चहावाल्याने माझ्यापेक्षा जास्त केली.

पेणहून एसटीने जोह्याला गेले. गणपती म्हणजे भाद्रपद, असं आपण पुण्यात समजतो. इथे गणपती बारा महिने. घराच्या ओटीवर, पडवीत, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे बघावं तिथे न रंगवलेले, मातकट, डोळे नसलेले गणपती ओळीने वाळत उभे. त्यांच्यामधून वाट काढताना माझ्या पर्सचा पट्टा एकाच्या कानाला अडकला आणि कान गळून पडला. मी जागच्या जागी थिजले. तिथल्या एका मूर्तींच्या कारखान्याचे मालक जयेश यांनी तो उचलला, ओल्या मातीचं बोट लावून परत बसवला आणि काहीच न झाल्यासारखं बोलणं पुढे चालू ठेवलं. मोडणं-जोडणं हा तिथला रोजचाच धंदा.

जयेश यांच्या शेडमागे एका बंद खोलीत काँप्युटरवर चालणारं कोरकामाचं यंत्र आहे. मूर्तीचा आराखडा काँप्युटरवर होतो, यंत्र त्याचा मूळ नमुना कोरतं, त्यावरून साचा बनतो. शाडूच्या मूर्तीची भिंत हाताने थापताना कुठे जाड, कुठे पातळ व्हायची. आता ती सगळीकडे सारखी बसते. माती कमी लागते, मूर्ती हलकी होते, पाण्यात लवकर विरघळते. मला हवं होतं तसंच उदाहरण. मी आनंदाने लिहून घेत असताना जयेश म्हणाले की हे त्यांनी पर्यावरणासाठी केलेलं नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला चौथ्या मजल्यावर मूर्ती उचलून न्यायची असते, त्याला वजन कमी हवं होतं. पर्यावरणाचं नंतर बोर्डावर लिहिलं. एवढं बोलून ते स्वतःच हसले. मीही हसले, आणि ते सोडून बाकीचं लिहून घेतलं.

संध्याकाळी पेणच्या बाजारात पापड घेतले, मिरगुंड घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्याची गाडी पकडली. कासूला गाडी थोडी रेंगाळली. पलीकडे खारजमीन, तिच्यात साचलेलं पाणी, बगळे. समोरच्या बाकावरच्या दोघी बाया वालाच्या भावावरून बोलत होत्या. मी खिडकीशी बसून, कंपनीत बोलायला सांगितलं तर काय म्हणायचं, ती वाक्यं जुळवत होते.

रोहे

रोह्याच्या स्टेशनवर नीलम म्हात्रे मला घ्यायला आली होती. ती कपड्यांच्या रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत पर्यावरण विभाग सांभाळते. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं, चालणं भरभर. ती याच नदीच्या खालच्या अंगाला, खाडीकडच्या गावातली. वडील आधी मिठागरावर होते, आता थोडी शेती आणि थोडी मासेमारी करतात. गावात कंपनीत नोकरी करणारे पुष्कळ आहेत, पण शिफ्टवर. केबिनमध्ये बसणारी ती पहिली. नोकरीसाठी ती आता रोह्यातच राहते.

तिने दाखवलेली गोष्ट इतकी सुरेख होती की आजही ती सांगताना मला बरं वाटतं. या कंपनीत मोठमोठ्या भांड्यांत रंग तयार होतात. एक रंग झाला की भांडं धुवायचं, मग दुसरा. पूर्वी किती पाणी वापरायचं ते सवयीवर चालायचं. कंपनीने प्रत्येक भांड्याला, प्रत्येक नळाला मोजणारी उपकरणं बसवली आणि सगळे आकडे एका मोठ्या स्क्रीनवर यायला लागले. तेव्हा नीलमच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त पाणी गडद रंगावरून फिक्या रंगावर येताना जातं. तिने यंत्राकडून कामाचा क्रमच बदलून घेतला. आधी पिवळा, मग केशरी, मग लाल, शेवटी काळा. मधली धुलाई जवळजवळ संपलीच. शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी साठवून तेच पुढच्या पहिल्या धुण्याला वापरायलाही तिनेच सुरुवात केली.

हे सुचलं कसं, असं विचारल्यावर ती जरा लाजली. तिची आई मिक्सरमध्ये मसाला करताना आधी जिरं फिरवते, मग धणे आणि सगळ्यात शेवटी मिरची. म्हणजे मध्ये भांडं धुवायला लागत नाही. "तेच इथे केलं," ती म्हणाली.

प्लँट मॅनेजर सावंत सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं आणि मला दोन शब्द बोलायला सांगितले. मला दोन शब्दांवर थांबता येत नाही. मी नीलमच्या कामाचं कौतुक केलं, त्या क्रमाचं केलं, स्क्रीनचं केलं. ते सगळं मनापासून होतं. पण समोर टाळ्या वाजायला लागल्या की माझी जीभ सैल सुटते. शेवटी मी म्हणाले, "ज्या नदीच्या काठावर असा कारखाना आहे, त्या नदीतला मासा मी डोळे मिटून खाईन."

टाळ्या खूप झाल्या. नीलम सगळ्यात जास्त वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर ती फोनवर बोलत माझ्याकडे आली. आईला सांगितलंय, म्हणाली, उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला. मासे खाता ना? मी म्हटलं, आवडीने खाते. हेही खरंच आहे. आमच्याकडे रविवारी सुरमई असतेच. मात्र ती डेक्कनवरच्या दुकानातून बर्फात येते आणि कुठल्या पाण्यातून येते हे मी कधी विचारलेलं नाही.

खाडीकडे

बुधवारी नीलमच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. रस्ता नदीला धरून खाली उतरतो. नदी हळूहळू रुंद होते, काठावर चिखल आणि कांदळवन दिसायला लागतं, वाऱ्याला खारट वास येतो. मध्ये एका पुलावर नीलमने फोन घ्यायला स्कूटर थांबवली. मी खाली वाकून बघितलं. एक नाला नदीला येऊन मिळत होता. पाणी काळ्या चहासारखं, त्यावर पांढरा फेस. वास असा की मी पदर नाकाला लावला. फोन झाल्यावर मी नीलमला विचारलं, हे कुठून येतं. ती म्हणाली, आमचं नाय. कुणाचं, तेही माहीत नाही. कुणाचं आहे ते विचारायला गेलं की जो तो आपलं नाही एवढंच सांगतो. मग तिने स्कूटर सुरू केली.

तिचं घर गावाच्या शेवटी, बांधाला लागून. घरापुढे अंगण, मागे छोटं तळं, तळ्यापलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडी. तिचे वडील नामदेवकाका अंगणात पाग विणत बसले होते. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं. उठून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. आई यमुनाबाई आतूनच म्हणाल्या, "ये गो नीलम. मॅडमना आधी पानी दे."

जेवण त्यांनी आत, जमिनीवर पाट मांडून वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात, आणि मधोमध कालवणाचं पातेलं. झाकण काढल्यावर चिंचेचा आणि तिरफळांचा वास घरभर पसरला. जिताडा होता, इथला मानाचा मासा. या मुलखात जिताडा म्हणजे काय ते पुण्यात बसून कळायचं नाही. जावई आला, साहेब आला, मुलीला बघायला पाहुणे आले, की जिताडा. यमुनाबाईंनी मधली जाडजूड तुकडी माझ्या ताटात ठेवली, वर कालवण घातलं, आणि समोर बसल्या. त्यांना मी खाताना बघायचं होतं.

मी घास उचलला आणि तो पूल डोळ्यांसमोर आला. काळा चहा, त्यावरचा फेस. घास तोंडापर्यंत गेला, पुढे जाईना. मी तो परत ताटात ठेवला, भात कालवल्याचं नाटक केलं, तुकडी भाताखाली सारली. बिरड्याचं कौतुक केलं. पुन्हा भाकरी घेतली. पण तिघंही माझ्या ताटाकडे बघत होती, आणि ती भाताखालची तुकडी सगळ्यांना दिसत होती.

"तिखट झालंय काय?" यमुनाबाईंनी विचारलं.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पोट बिघडलंय असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून आलं, "नाही हो. माझ्या लक्षातच नव्हतं, आज मार्गशीर्षातला गुरुवार ना. मी धरते."

नामदेवकाकांनी हातातला घास खाली ठेवला. "आज बुधवार हाय, मॅडम," ते म्हणाले. त्यांना मला पकडायचं नव्हतं. माझा उपास चुकू नये म्हणून ते सांगत होते.

माझे कान तापले. नीलमने मान खाली घातली. सगळ्यात आधी सावरल्या त्या यमुनाबाई. "परवासात कळत नाय वार," त्या म्हणाल्या. "मी पन गुरुवार धरते. माझा पन चुकतो कदी कदी." मग त्यांनी माझं ताट उचललं, आत नेलं आणि दुसऱ्या स्वच्छ ताटात नुसतं बिरडं-भात वाढून आणलं. एवढं सांभाळून घेतलं, तरी मला वाटत होतं की जमिनीने पोटात घ्यावं.

यमुनाबाई पुन्हा समोर बसल्या आणि जरा वेळाने, जसं काही माझी समजूत काढत असाव्यात तशा, म्हणाल्या, "खाडीतला नव्हता ओ मॅडम. आमच्या तळ्यातला व्हता. पावसाच्या पान्यावरचा. खाडीतला मी पावन्याला घालत नाय."

ताटातल्या हातांची हालचाल थांबली. माझी तर आधीच थांबली होती, आता नीलमची थांबली.

"कदीपासून?" नीलमने विचारलं.

"झाली दोनचार वर्सं."

"मला बोलली नायस."

"तुला काय बोलू गो? तू तितंच कामाला जातेस."

"आणि तुमी काय खाता? तू आणि बाबा?"

नामदेवकाका म्हणाले, "आमी खातो. आमाला लागतोच तो. आमचं काय, आमी खाऊन मोठे झालो. पन पावना म्हंजे दुसऱ्याचा मानूस. त्याला काय झालं तर?"

नीलमने जेवण पुरं केलं. मीही कशीबशी जेवले. ते तळं त्यांनी त्या एका माशासाठी उपसलं होतं, हे मला निघताना कळलं. घरामागे पाणी सांडल्याच्या खुणा अजून ओल्या होत्या.

परतीच्या वाटेवर त्या पुलाजवळ आल्यावर नीलमने स्कूटर थांबवली. या वेळी फोन आला नव्हता. ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, आमच्या पाण्याचे आकडे खरे आहेत. मी स्वतः तपासते. गेटपर्यंत एक आकडा खोटा नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. ती म्हणाली, "मला वाटायचं, आईला पण माहीत आहे."

मग ती बोलत गेली. मागच्या वर्षी तिने कंपनीकडे एक मागणी केली होती. एक उपकरण गावाच्या धक्क्याला लावू द्या, नदीच्या पाण्यात. आकडे आपल्याच स्क्रीनवर येऊ देत. आपण पाणी कमी सोडतो, त्याने खाली काही फरक पडतो का तेवढं बघू. सावंतांनी नाही म्हटलं होतं. आकडा वाईट आला तर तो आपल्या स्क्रीनवर, म्हणजे आपल्या नावावर. मग जे आपलं नाही त्याचा जाब आपण देत बसायचा. तिला ते पटलं नव्हतं, पण खोडूनही काढता आलं नव्हतं.

मी मागच्या सीटवर बसून माझी प्रश्नावली आठवत होते. कारखान्यांना मी काय काय विचारलं होतं! किती पाणी वाचलं, किती वीज वाचली, किती नव्या कल्पना अमलात आल्या. नदीकाठच्या घरात पाहुण्याला कुठला मासा वाढतात, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता. यंत्र जिथपर्यंत मोजतं तिथपर्यंत माणसाला सुचतं, हे माझं म्हणणं खरंच होतं. पण मोजणं कुठे थांबवायचं ते कोण ठरवतं, हे मी विचारलंच नव्हतं.

पुन्हा रोहे

गुरुवारी, खऱ्या गुरुवारी, कंपनीत समारोपाची मीटिंग होती. विभागप्रमुख, पलीकडच्या एकदोन कंपन्यांचे लोक, समोर ती मोठी स्क्रीन. सावंत खेळकर माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, जिताडा कसा होता? नीलमनी सांगितलंय आम्हाला, आईने खास केला होता."

नीलम माझ्या समोरच बसली होती. तिने मंगळवारीच उत्साहाने सगळ्यांना सांगून ठेवलं असणार. मी ‘छान होता’ म्हणू शकत होते. त्या दोन शब्दांनी सगळं निभावलं असतं. पण बुधवारी एकदा खोटं बोलून झालं होतं आणि त्याची चव अजून तोंडात होती.

मी म्हणाले, "खाल्ला नाही. घाबरले मी."

लोक हसले, मग मी हसत नाही हे बघून थांबले. मी सगळं सांगितलं. नाला, फेस, भाताखाली सारलेली तुकडी, गुरुवारचं खोटं. तळ्यातल्या माशाचंही सांगितलं, आणि घरचे स्वतः खाडीतला खातात तेही. शेवटी म्हटलं, मंगळवारी नदीतला मासा खाईन असं सर्वांसमोर मोठ्याने बोलले तेव्हा मी तुमच्या गेटपर्यंतच बघितलं होतं. नीलमला तिचं उपकरण धक्क्यावर लावू द्या.

सावंत थोडा वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, गेटपर्यंतचं पाणी माझं. त्याच्या पुढचं सगळ्यांचं आहे, आणि सगळ्यांच्या गोष्टीला इथे मालक नसतो. मी एकट्याने ते मोजायला घेतलं तर बाकीचे मोजणं मलाच देऊन टाकतील." माणूस खोटं बोलत नव्हता. पलीकडच्या कंपनीचे लोक टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत होते. चहा आला, आणि बोलणं विजेच्या बिलावर गेलं.

मला वाटलं होतं, नीलम निदान माझ्याकडे बघेल. बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठलं. तिचा आवाज अगदी हळू होता. "उपकरणाचं बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण माझ्या आईचं जेवण तुम्ही मीटिंगमध्ये काढलंत. आम्ही घरी काय खातो ते. आता कँटीनमध्ये लोक मला विचारतील, खाडीतलं खाता का म्हणून. तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं होतं. त्यासाठी आमचं घर कशाला?"

आदल्या दिवशी खोटं बोलून त्या घराचा अपमान केला होता आणि आज खरं बोलून त्याच घराला उघडं पाडलं होतं. मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली आणि कामाला गेली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. कंपनीने धक्क्यावर काही लावलं नाही. पण सावंतांनी स्टोअरमध्ये पडलेलं एक जुनं उपकरण नीलमला घरी न्यायला दिलं, कागदावर भंगार म्हणून. तिने आणि नामदेवकाकांनी ते धक्क्याच्या खांबाला बांधलं आहे. त्याचे आकडे कंपनीच्या स्क्रीनवर येत नाहीत, तिच्या मोबाईलवर येतात. आकडे कसे आहेत, असं मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, अजून थोडे दिवस बघू दे, मग सांगते. मला सांगण्याआधी ते ती घरी सांगणार होती, आणि ते बरोबरच होतं.

निघायच्या दिवशी

शुक्रवारी माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी मी एकटीच रिक्षा करून खाडीकडे गेले. नीलमला सांगितलं नव्हतं. रिक्षावाल्याने त्या पुलावर नाकाला रुमाल बांधला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

यमुनाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या. मला बघून त्या गोंधळल्या नाहीत. "या," म्हणाल्या, आणि खुर्ची दाखवली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. वार चुकला नव्हता, मी खोटं बोलले. आणि मीटिंगमध्ये तुमच्या घरचं काढलं तेही चुकलं.

"वाराचं मना कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मीटिंगचं पोरगी बोलली रात्री फोनवर. लय रागावली व्हती तुमच्यावर." मग भातावरून हात फिरवत म्हणाल्या, "जाईल राग. बसा, चाय ठेवते."

मी त्यांच्यामागे आत गेले. चुलीच्या बाजूला छोट्या पातेल्यात कालवण होतं. नामदेवकाकांनी पहाटे पाग टाकून आणलेले बोईट मासे, खाडीतले. मी विचारलं, "मला यातलं थोडं वाढाल?"

असं विचारणं तेव्हा मला फार उदात्त वाटलं होतं. यमुनाबाईंनी चहाचं आधण ठेवलं, साखर टाकली, आणि वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"नाय," त्या म्हणाल्या.

"मी खाईन. खरंच खाईन."

"खाल तुमी. पन कशाला खाल? तुमाला बरं वाटावं म्हनून? मग मी माझ्या हातानं तुमाला ते वाढू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी नाय वाढनार, मॅडम. चाय घ्या."

तेवढ्यात नामदेवकाका बांधावरून आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. मला बघून त्यांनी मान हलवली आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं. यमुनाबाईंनी त्यांना भात वाढला, त्यावर बोईटाचं कालवण घातलं, दोन तुकड्या ठेवल्या. माझ्या हातात चहाचा कप दिला आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या.

काका भुकेले होते. त्यांनी भात कालवला आणि मन लावून खायला सुरुवात केली. काटे जिभेने बाजूला करून ताटाच्या कडेला ठेवत होते. मध्ये एकदा म्हणाले, चव चांगली आहे आज. यमुनाबाई "हं" म्हणाल्या आणि त्यांच्या ताटाकडे बघत राहिल्या, प्रत्येक घासाकडे. मीही बघत होते. चहा संपला तरी मला उठता येईना. काकांनी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा यमुनाबाईंनी भात वाढला आणि कालवणाचं पातेलं हळूच त्यांच्यापासून थोडं दूर सारलं.